लोहताऱ्यावरचा क्रेनवाला

आदरणीय अध्यक्ष विद्याधरजी, मंचावरील पाहुण्या माधवीताई, भिलाई सोडून पुण्याला निघालेले आपले लेखक सुमंत सर आणि जमलेल्या मराठी बंधुभगिनींनो, नमस्कार.

मी रेणू हटवार, खुर्सीपारची. सरांच्या नव्या कादंबरीवर चार गोड शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलंय. गोड शब्द माधवीताईंनी बोलून झाले. मी फक्त वाचताना काय झालं ते सांगते.

सरांच्या ‘लोहतारा’ मालिकेच्या पाचही पुस्तकांची पानं आमच्या घरी वाचून वाचून सुटी झाली, मग शिवून घेतली. त्या लोहतारा नावाच्या ग्रहावरचे कामगार आम्हाला शेजारी वाटायचे. का नाही वाटणार? सर आमच्याच स्वयंपाकघरात बसून माझ्या बाबांना, केवलरामांना, क्रेनचं सगळं विचारायचे. बाबा कुम्हारीकडच्या एका खाजगी कारखान्यात क्रेन चालवत. एकदा ब्रेक सुटला, दोन माणसं गेली. चौकशीत लिहिलं, क्रेनवाला झोपला होता. ब्रेकची तक्रार बाबांनी दोनदा लेखी दिली होती. ती कोणाला सापडली नाही. नोकरी गेली. हे बाबांनी घराबाहेर एकाच माणसाला सांगितलं. सरांना.

त्याच मालिकेतलं नवं पुस्तक आलं. मलपृष्ठावर लिहिलंय, ‘स्वतंत्र कादंबरी, आधीची वाचलेली नसली तरी चालेल.’ बाबांना आता दिसत नाही, मी वाचून दाखवते. लोहताऱ्यावर एक क्रेनवाला आला, त्याच्या डब्यात बाबांसारखीच जवसाची चटणी. बाबा हसले, “सरांनी मले पार ताऱ्यावर नेलं पाय!”

पुढच्या प्रकरणात तो क्रेनवाला झोपतो. माणसं मरतात. मी पुस्तक मिटलं.

“थांबली कावून? वाच.”

वाचलं. बाबा म्हणाले, “मी झोपलो नोतो, रेणू. ठेव ते पुस्तक.”

मी सरांना फोन केला. सर म्हणाले, “अगं, कल्पना आहे ती! दुसऱ्या ग्रहावरचा माणूस. आणि कथेसाठी कोणीतरी झोपायला हवंच होतं.”

कोणीतरी? मग सर, दुसऱ्या ग्रहावर जवसाची चटणी कोणी पोचवली?

अध्यक्ष महोदय, घंटी नका वाजवू, आटोपतेच. जो वाचक हे एकच पुस्तक उघडेल, त्याला एवढंच कळणार की क्रेनवाला झोपला होता. चौकशीचा तो कागद निदान कपाटात पडून होता. सर, तुम्ही त्याच्या दोन हजार प्रती काढल्या.

सरांना शाल मी पांघरवावी असं ठरलं होतं. ती त्या खुर्चीवर आहे, ज्यांना पांघरवायची त्यांनी पांघरवावी. बाबा तिसऱ्या रांगेत बसलेत. सर, जाण्याआधी त्यांना एवढंच म्हणा, ‘केवलराम, तुम्ही जागे होता.’

मंडळानं बोलू दिलं, ऋणी आहे. बोलण्यात कुठे तोल गेला असेल, तर सभागृहानं उदार मनानं पोटात घालावं.

सर, बाबा उठून उभे राहिलेत. त्यांना दिसत नाही. तुम्हालाच खाली यावं लागेल.