खरे रंग दाखवणारा मॉनिटर

सकाळीच मिशीला कलप लावून मास्तर दुकानात रांगेला उभे होते. पुढे एक फोटोग्राफर आणि त्याची बायको काउंटर अडवून बसलेली.

“अहो, तेवढ्याच पैशात तो मोठा मॉनिटर येतोय. हा चिमुकला कशाला?”

“मोठ्यावर रंग भडक दिसतात गं. घरच्या जुन्यावर मी चेहरे छान करतो आणि छापल्यावर तांबडे निघतात. गिऱ्हाइकं किती बोलतात!”

“मग पारखून घ्या. माझा कालचा फोटो लावा बघू.”

“हा घे, लावला.”

“अगंबाई! हा बिघडलाय. माझे केस जांभळे दाखवतोय.”

“बिघडला नाही हो वहिनी,” दुकानदार हळूच म्हणाला. “यावर रंग खरे दिसतात.”

ती नवऱ्याकडे वळली. “अहो, कलप लावल्यापासून तुम्ही तर महिनाभर काळेभोर म्हणताय!”

“आपल्या मॉनिटरवर काळेच दिसतात गं.”

“आणि मी दिवसभर समोर वावरते, तेव्हा कुठे बघता?”

“...मॉनिटरकडे.”

“दादा, हाच बांधून द्या. आणि तो जुना मेला आजच्या आज भंगारात!”

मागून मास्तर पुढे झाले. एक हात मिशीवर होता.

“भंगारात कशाला? मी नेतो की!”