लिंबू-सोड्याचा नमुना

जबाब देणार: कोपऱ्यावरच्या सोड्याच्या गाडीची मालकीण, सगळे सोडावाली मावशी म्हणतात. वय ५६. धंदा: लिंबू-सोडा विकणे. राहणार: दातांच्या कॉलेजमागची गल्ली, जिन्याखालची खोली.

मला विचारल्यावरून समक्ष सांगते की, माझी गाडी दातांच्या कॉलेजच्या फाटकासमोर लागते. मालक वारल्यापासून माझं आणि सुनेचं पोट तिच्यावरच आहे. सदर कॉलेजात संशोधन करणारी मुलगी रोज सकाळी माझ्याकडून बाटलीभर लिंबू-सोडा नेते. तिला त्यातला घोटभरही पिताना मी पाहिलेलं नाही. त्यावरून माझ्या मनात पाल चुकचुकत होती.

काल दुपारी ती गाडीजवळ उभी राहून फोनवर बोलत होती. "पाण्याचा नमुना टिकला. लिंबू-सोड्याचा फेल," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आमच्या धंद्यात नमुना एकच. खाण्यापिण्याचे साहेब तपासणीला बाटली भरून नेतात तो. तो फेल गेला की गाडी उचलली जाते. माझ्या पायाखालची जमीन सरकली. गाडी सुनेवर टाकून मी त्या मुलीच्या मागोमाग तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेले.

तिथे टेबलावर बाटल्यांचा ट्रे होता. एका बाटलीवर "लिंबू-सोडा, मावशी" असं लिहिलेलं दिसलं. माझं डोकं फिरलं. "रोज गोड बोलून माझ्याच पोटावर पाय देतेस? नमुना तर तूच आहेस एक," असं बोलून मी ट्रे ढकलला. बाटल्या फुटल्या. ट्रे मी एकटीने ढकलला, सुनेचा यात काही संबंध नाही.

सदर मुलगी ओरडली नाही. खाली बसून चिमट्याने काचांतून पारदर्शक पट्ट्या वेचू लागली. मग म्हणाली, "मावशी, नमुना सोड्याचा नव्हता हो. या पट्टीचा होता." दात सरळ करायला हल्ली तारेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर दातांवर चढवतात, त्याच प्लॅस्टिकच्या त्या पट्ट्या. कुठली पाण्यात, कुठली चहात, कुठली माझ्या सोड्यात ठेवलेली. आंबट पेयाने पट्टीची ताकद किती कमी होते ते ती बघत होती. आता सगळ्या एकत्र झाल्या, कुठली कशातली ते कळायला मार्ग नाही. एवढं सांगून ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

मी म्हटलं, "बाळ, ताकद डोळ्यांना दिसते का?" कपाटात दोन पट्ट्या उरल्या होत्या, एक पाण्यातली, एक सोड्यातली. तिने पाण्यातली पट्टी यंत्राच्या चिमट्यांत धरली, मागेपुढे दोन काळसर काचा लावल्या आणि दिवा लावून पट्टी हळूहळू ओढायला घेतली.

त्या रंग नसलेल्या पट्टीत रंग उमटले. आधी पिवळा, मग जांभळा, निळा, हिरवा. ओढ वाढेल तसे ते सरकत होते. मुलगी म्हणाली, "जिथे ताण पडतो तिथे रंग दिसतो." पाण्यातली पट्टी लांबच लांब होत गेली, तुटता तुटेना. मग माझ्या सोड्यातली लावली. तिचे रंग एका कडेला गोळा झाले आणि ती टक करून तुटली. मी तोंडावर हात ठेवून उभी होते. इतकी वर्षं सोडा केला, पण माझ्या हातच्या आंबटपणात एवढी ताकद असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मला भीती वाटली आणि हात जोडावेसे वाटले.

मी विचारलं, "माझा सोडा इतका वाईट?" ती म्हणाली, "सोडा झकास आहे. दातांवरचं काढून प्यायचा, एवढंच. आणि दोन पट्ट्यांवरून पक्कं काही म्हणता येत नाही, म्हणून तर पुन्हा पुन्हा बघावं लागतं." तेवढ्यात वॉचमन आला व त्याने मला इथे चौकीत आणलं. काल घरी सोडलं, आज जबाबासाठी पुन्हा बोलावलं.

कॉलेजच्या मोठ्या सरांना माझ्यावर तक्रार करायची होती. मुलीने नको म्हणून सांगितलं, असं मला इथेच कळलं. तिला सगळं पहिल्यापासून करावं लागणार आहे आणि तिचं वर्ष त्यावर आहे. रोज सकाळी पहिली बाटली मी स्वतः तिच्या टेबलावर पोचवीन. आज गाडीवर पाटी लावली आहे: "दातांवरचं प्लॅस्टिक काढा, मग सोडा प्या." शेजारचा रसवाला म्हणतो, मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला. गिऱ्हाईक तुटलं तर तुटेल. मी पाहिलंय, त्याने नाही.

लिहून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, रंगांचं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, मग सही नाही. त्यांनी लिहिलं.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. रंगांचा भाग मी पुन्हा एकदा वाचायला लावला. तोही बरोबर आहे.