हा तुमचा कोण?

मावशी : पण मी खोटं काय बोलले, ते तरी सांग.

भाचा : खोटं नाही गं, मावशी. अर्जात लिहिलंय तेवढंच बोलायचं होतं.

मावशी : फोनवर तुझ्या परदेशातल्या कॉलेजचा साहेब होता, आणि मधे एक मराठी बोलणारी बाई, दुभाषी. तिनं विचारलं, ज्याच्या कॉलेजचा खर्च करताय तो तुमचा कोण? म्हटलं, मुलगा. तू एवढासा होतास तेव्हापासून दूधवाल्याला, शाळेतल्या बाईंना, डॉक्टरांना, सगळ्यांना हेच सांगत आलेय. आजवर कुणी पुरावा मागितला नाही.

भाचा : हे मागतात. अर्जात मी लिहिलं, आई वारली, खर्च मावशी करणार. आईच्या मृत्यूचा दाखला जोडला. आणि फोनवर माझी आई बोलतेय! त्यांनी काय समजायचं?

मावशी : अगंबाई! भूत समजले असतील.

भाचा : हसू नकोस ना. त्यांनी फाइल अडवून ठेवलीय. पुढच्या वर्षाचा खर्च कोण देणार, हे आज सिद्ध झालं नाही तर माझं नाव कापतील. थोड्या वेळात तुला परत फोन येईल. हा शेवटचा.

मावशी : बँकेचे कागद दिले, पगाराची चिठ्ठी दिली. लॅबच्या शेठनं लिहूनसुद्धा दिलं की ही बाई आमच्याकडे कवळ्या बनवते, कामाला चोख आहे. एवढं सगळं पुरेना, आणि एका शब्दावर अडलं?

भाचा : त्यांना वाटतं, पैसेवाली कुणी बाई भाड्यानं उभी केलीय.

मावशी : पैसेवाली! त्यांना माझी चप्पल दाखव.

भाचा : मावशी...

मावशी : बरं बरं. मग सांगते की, आमच्यात म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. म्हणून मावशी तीच आई.

भाचा : अजिबात नको! त्या बाईनं ते भाषांतर करून सांगितलं तर पोलीसच बोलावतील. विचारलं तेवढंच बोल. एकदा करून बघूया? मी साहेब. हं, हा मुलगा तुमचा कोण?

मावशी : मु... भाचा.

भाचा : अडखळलीस.

मावशी : नवी कवळीसुद्धा तोंडात बसायला आठवडा घेते रे. लोक येऊन कुरकुरतात, इथे टोचतं, तिथे लागतं. मी म्हणते, सवय होईल. विचार परत.

भाचा : हा मुलगा तुमचा कोण?

मावशी : भाचा. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

भाचा : छान. तुम्हाला स्वतःचं मूलबाळ?



मावशी : नाही म्हणायचं ना?

भाचा : हो.

मावशी : नाही. मला मूल नाही. ...बरोबर आलं?

भाचा : बरोबर आलं. मलाच विचारायला कसंतरी झालं.

मावशी : तुझा आवाज बसलाय. सर्दी झाली का?

भाचा : नाही. सुट्टी लागलीय ना, हॉस्टेलचा सगळा मजला आपापल्या घरी गेलाय. कालपासून तोंडच उघडलं नव्हतं. लिफ्ट वर आली की वाटतं कुणीतरी आलं, पण ती वरच जाते.

मावशी : जेवलास का?

भाचा : पाव आहे. स्वयंपाकघरात माझी एकटीच ताटली राहिलीय, धुवायचा कंटाळा येतो.

मावशी : मी पण हल्ली पातेल्यातच खाते. दिवसभर एवढे दात हातातून जातात, आणि घरी बोलायला एक तोंड नाही. ...एक विचारू? समजा आज नाही जमलं, तर तू परत येशील?

भाचा : यावंच लागेल. आठवडाभरात.

मावशी : खोली तशीच आहे तुझी. काल गादी उन्हात घातली.

भाचा : मावशी, तुला वाटतंय का, की मी...

मावशी : वाटतं. न वाटायला काय झालं? काल त्यांनी फोन आपटला तेव्हा क्षणभर बरंच वाटलं मला. मग स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं तिथल्या प्रवेश परीक्षेसाठी झिजलास तू, मी डोळ्यांनी पाहिलंय. ठेव आता. त्यांचा फोन यायचा.

(फोन बंद होतो. बऱ्याच वेळानं पुन्हा लागतो.)

भाचा : काय झालं? लवकर सांग.

मावशी : झालं. मंजूर म्हणाले. कागद उद्या पाठवतात.

भाचा : खरंच? शपथ?

मावशी : तुझी शपथ. भाचा म्हटलं, एकदम सुटसुटीत. मूल नाही, तेही म्हटलं. जीभ कुठे अडली नाही.

भाचा : मावशी! तू ग्रेट आहेस. मग एवढा वेळ का लागला?

मावशी : पगार कमी वाटला साहेबाला. एवढ्यात घर चालवून याचा खर्च कसा करणार, म्हणाला. मग विचारलं, तुमच्यावर अवलंबून आणखी कोण आहे? नवरा? मुलं? म्हातारं माणूस?

भाचा : मग?

मावशी : म्हटलं, कुणी नाही. घरात मी एकटीच. दुभाषी बाईनं सांगितलं त्याला, आणि तो काहीतरी बोलला. ती बाई जरा थांबली. मी म्हटलं, काय म्हणतायत साहेब? तर हळूच म्हणाली, ‘ते म्हणतायत, फारच छान.’

भाचा : फारच छान?

मावशी : अरे, काम झालं ना? जा, ती ताटली धू आधी.