होणाऱ्या सासऱ्यांना तिसरी ताकीद

दोष सरळ माझा. मामांनाही मी सोडणार न्हाई, पण बटण मीच दाबलं होतं.

लातूरच्या एमआयडीसीत मामांचा पेरणी यंत्रांचा कारखाना आहे. डिप्लोमा अर्धवट सोडलेल्या भाच्याला, म्हणजे मला, त्यांनी कॉम्प्युटरवर बसवलं. कोणता माल कमी पडणार, कुणाचा उशिरा येणार, हे सॉफ्टवेअर लाल रंगात दाखवायचं. अन् मामा उशीर करणाऱ्याला बोलावून चहा पाजायचे.

मी म्हटलं, "मामा, तुमच्या भिडेपायी काम बंद पडून राहिलंय. आता कॉम्प्युटरच ताकीद देईल. त्याला नातंगोतं कळत न्हाई."

"तुला तरी कळतंय का?" मामा म्हणाले.

मी लई शहाणा. माल लाल झाला की रोज सकाळी आपोआप मेसेज जाईल, खाली माझं नाव, असं करून टाकलं. मजकूरही माझाच: "शब्द पाळता येत नसेल तर धंदा बंद करा." यादीत कोण कोण आहे, हे बघायचं सुचलं न्हाई.

यंत्राचे फाळ अहमदपूरहून यायचे, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या वर्कशॉपमधून. ते आमच्याच साखरपुड्याची आमंत्रणं देत गावोगाव फिरत होते, म्हणून माल राहिला होता. तिसऱ्या मेसेजनंतर त्यांचा मामांना फोन आला.

"पाव्हणं, पोरगा जावई व्हायच्या आधीच साहेब झाला की!"

मी फोन हिसकावला. "ते मी न्हाई, कॉम्प्युटरनं पाठवलं."

"मग हळद बी त्यालाच लावा."

फाळ दुसऱ्या दिवशी आले. लग्न मोडलं.