शाळेच्या अंगणातलं गाव

रुपचंद नाना : पुसा म्हणतो ना गुरुजी! आत्ताच्या आत्ता पुसा.

शालिग्राम गुरुजी : का पुसू, नाना? सकाळभर खपून पोरांनी चुन्यानं अन् राखेनं अंगणात गाव काढलंय. भूगोलाचा तास होता.

नाना : भूगोल मला शिकवू नका. धरणगावच्या शाळेत शिकलोय मी. भूगोल म्हणजे हिमालय, गंगा, विलायत. आपल्या खेड्याचा कसला आलाय भूगोल?

गुरुजी : आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा. ज्याला स्वतःचा उंबरा सापडत नाही, त्याला विलायत दाखवून काय करू?

नाना : मग उंबरे काढा! मारुती काढा! माझ्या वावरातून नदीला ही वाट कोणी काढली?

गुरुजी : सगळ्यांनी मिळून.

नाना : काट्या लावून बंद केली शे मी ती. वर कपाशी पेरली. बठ्ठ्या गावाला ठाऊक शे!

गुरुजी : पोरांनाही. मी म्हटलं, नाल्यावरून फिरवून काढा. एकही पोर ऐकेना. नदीची वाट हीच, म्हणतात.

नाना : तुमचीच फूस! उद्या डिप्टीसाहेब शाळा तपासायला येतोय. हे बघून त्यानं मामलेदाराच्या कानावर घातलं तर? सरकारी नकाशात वाट शे ती!

गुरुजी : म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे.

नाना : तोंड सांभाळा! शाळा कमिटीचा चेअरमन आहे मी. सातपुड्याच्या पायथ्याला बदली करीन.

गुरुजी : खुशाल करा! तिथेही पोरं असतीलच. इतकी वर्षं शिकवतोय, पोरांवर कधी आवाज चढवला नाही. आज तुमच्यावर चढवतो. खालच्या आळीच्या बाया भरल्या घागरी घेऊन नाल्याच्या दगडांवरून येतात. चिंधाची बायको पाय मोडून खाटेवर पडलीय.

नाना : खाली बघून चालावं तिनं.

गुरुजी : हा घ्या खराटा. पुसायचं तर तुम्ही पुसा. पोरं खिडकीतून बघताहेत.

(नानांची आई भिकुबाई फाटकातून आत येते.)

भिकुबाई : काय रे रुपचंद, पार पारावर आवाज येस तुना! गुरुजी, हाई काय काढेल शे?

गुरुजी : आपलं गाव, माय. हा मारुती, ही नदी, ही नदीची वाट.

भिकुबाई : अन् काट्या कोठे शेतस?

नाना : माय, तू घरी जा.

भिकुबाई : का जाऊ? रोज आंघोळीले जास तं मन्हा लुगडाले अडकतस त्या. ज्या शेतस त्या बी आठे चितरा, गुरुजी. नही तं साहेबले वाटी, वाट मोकळी शे.

गुरुजी : खरं आहे माय. चुकलंच आमचं. पोरांनो, कोळसा आणा रे!

नाना : थांबा. कोळसा नको.

गुरुजी : जे आहे ते काढावं लागतं, नाना. नाहीतर कसला भूगोल?

नाना : साहेब केव्हा येणार?

गुरुजी : उद्या दुपारी.

नाना : आमच्या निंबा गड्याला निरोप धाडा. कुऱ्हाड घेऊन वावरात ये, म्हणावं. काट्या बाजूला कर.

भिकुबाई : अन् कपाशी?

नाना : उपटायची. पण वाटेपुरतीच, म्हणावं. एक झाड जास्त गेलं तर याद राख.