मग? पुढं लिव

ताई, मी पोरांस्नी लिवाय कसा शिकवाय लागलो इचारलंत म्हनून सांगतो, मी कागलकडचा. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, आनि हे माझ्या उजव्या हाताचं बोट वाकडं दिसतंय न्हवं, लोकास्नी वाटतं कुस्तीत मोडलं, पन हे शाळंत मोडलं. मास्तरनं फळ्यावर लिवलं, माझी गाय, निबंध लिवा. आमच्या घरात गाय न्हवती, म्हस बी न्हवती, मी वही कोरी ठिवली, तर मास्तरनं माझा हात बाकावर ठिवाय लावला आनि डस्टरची लाकडी बाजू बोटावर घातली, कट् करून आवाज आला, आनि वर म्हनला रडलास तर दुसरं मोडीन. घरी गेलो तर बापानं चाबकानं फोडून काढलं, का तर मास्तर उगंच मारील व्हय. काय सांगू तुमास्नी, तवापास्नं पेन धरलं की ते बोट आखडायचं. अक्षरं यायची, पन दोन वळी जोडता यायच्या न्हाईत.

मग तालमीत गेलो, मानसं आपटाय शिकलो, त्यात जीव रमला, त्याच अंगावर फौजंत गेलो. गावाकडं पत्र धाडायचं तर दुसऱ्याच्या पाया पडायचो. पलटनीत एक शिकवनारे हवालदार हुते, विदर्भातले, त्यांनी मला एक दिवस म्होरं बसवलं आनि इचारलं, कोनाले मारावंसं वाटते तुले? मी म्हटलं, मास्तरला. म्हनले, मंग मार, पन कागदावर मार. मी लिवलं, मास्तरला ठार मारलं. म्हनले, मले तर काही दिसलं नाही, तो कुठं उभा होता, तुह्या हातात काय होतं, मग? त्यांचं ते मग काय सुटायचं न्हाई. रोज संध्याकाळी मी मास्तरला मारायचो, कवा दगडानं, कवा त्याच्याच डस्टरनं, रगात कुटं उडलं, धोतर कसं भिजलं, सगळं लिवायचो. आनि लिवता लिवता एक दिवस मास्तरची बायको दारात आली, माझ्याच कागदात, हातात उलथनं, चुलीम्होरनं उटून आलेली. आता तिला काय बोलाय लावू ते मला सुचंना. तितं माझं पेन थांबलं ते थांबलंच. पन तवर मी लिवाय शिकलो हुतो.

जैपूरला माझी शेवटची पोस्टिंग, पोरगं बी हितंच कामाला लागलं, म्हनून जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला. आजूबाजूला आपली मानसं, कोन फौजी, कोन बँकेतलं, कोन विम्यातलं, बदलीवर आलेली, आनि त्यांची पोरं मला म्हननार, काका, मतलब हे मराठीत कसं लिहायचं? सगळ्यांनी मिळून सोसायटीच्या हॉलमदी रविवारचा वर्ग काडला, आनि शिकवायला मी, कारन मी रिकामा. पयल्या दिवशी मी बी फळ्यावर लिवलं, माझी शाळा. पोरांची तोंडं बघितली आनि माझंच बोट ठनकाय लागलं. पुसून टाकलं. सतरंजी हातरली आनि म्हटलं, एकानं डाव लिवायचा, मानूस कसा पाडायचा त्यो, आनि दोगांनी लिवलंय तसंच करायचं, मनाचं काय घालायचं न्हाई. एकीनं लिवलं, पाय धर आनि ओढ. कुनाचा पाय ते लिवलंच न्हाई, तर गड्यानं सोताचाच पाय धरून ओढला आनि तोंडावर आपटला, नाकातनं रगात, आनि त्यो बी हसतोय, सगळी लोळत्यात. तिनं लगेच खोडून परत लिवलं. कुनी सांगाय लागलं न्हाई.

मग हवालदारांचा धडा दिला, कोनाला मारायचं ते लिवा, आनि उभं ऱ्हाऊन वाचा. कुनी गनिताच्या मॅडमला गच्चीवरनं ढकललं, कुनी थोरल्या भावाचं डोकं फोडलं. लिवत न्हवती ती एक ऋचा. बँकेतल्या मोठ्या सायबाची पोरगी, बारा-तेरा वर्सांची, मे म्हयन्यात, हितल्या उन्हात, लांब बाह्या घालून यायची. मला काय दिसत न्हवतं व्हय? आमच्या मंडळीनं तिच्या आईला इचारलं, तर तिनं दार लावून घेतलं.

एका रविवारी ऋचा आपली आपन उटली आनि वाचाय लागली. मी बाबांचा उजवा हात दारात ठेवीन आणि दार जोरात लावीन, मग परत लावीन, डावा नाही, कारण त्या हातात आजोबांचं घड्याळ आहे, ते फुटायला नको. मी म्हटलं, मग? आनि बगतो तर बाप दारात उभा. न्ह्यायला लवकर आल्ता. बुटासकट सतरंजीवर आला, तिचे केस धरले आनि अशी थोबाडीत ठिवून दिली की पोरगी फळ्यावर जाऊन आदळली. मग मी उटलो. ताई, वय झालं तरी अंग इसरत न्हाई. बगलंत हात घातला, उचलला आनि आपटला, मानंवर गुडघा दिला, त्यो घुसमटाय लागला, तोंडाला फेस आला, तरी मी दाबतोय. आनि तितक्यात माझ्या दंडात कळ गेली. ऋचा चावली हुती मला. मास निघंस्तवर सोडलं न्हाई, तवा कुटं माझा गुडघा निघाला. ह्यो बगा वन.

हॉलला कुलूप लागलं, बराबरच हाय, पोरांम्होरं असं करतंय का कोन. त्या पोरीनं परत पेन धरलं न्हाई तर ते पाप माझ्या डोक्यावर, ह्येच मनात यायचं. तिची आई आमच्या मंडळीकडं येऊन रडून गेली, नवऱ्याला सांगून बसली म्हनं, आता हात उचललास तर पोरगी घिऊन भावाकडं जाईन. उचलत न्हाई म्हनती. मी इस्वास ठेवत न्हाई.

आनि मागल्या रविवारी ऋचा घरी आली. आखूड बाह्या. कागद काडला आनि वाचाय लागली, काकांचा गुडघा बाबांच्या मानेवर होता, बाबांचा चष्मा काकांच्या पायाखाली फुटला, बाबांचे डोळे माझ्याकडे होते, काका हसत होते.

मी हसत हुतो त्ये मला म्हाईत न्हवतं, ताई. आई शपथ म्हाईत न्हवतं. मग मी म्हटलं, मग? ती म्हनली, काका, आगे का अजून लिहायचंय.

आता मागं बगू नका, गॅलरीत बसून तेच लिवतीया. बाप खाली गेटवर स्कूटरवर बसलाय, वर येत न्हाई, जात बी न्हाई. देव पोरीच्या लिवत्या हाताला लई बळ देवो. कागदात मी अजून तसाच गुडघा टेकून बसलोय, ती उटीवंल तवा उटायचं.