दिवा मालवून, थेंबाथेंबाने

बार्सेलोसच्या धक्क्यावर मनाऊस शहराला जाणाऱ्या बोटीसाठी रांग होती. माझ्यापुढे दोना इरासी, कुशीत पिशवी. पिशवीत आमच्या नदीचं चहासारखं पाणी आणि बोटभर निळसर सिक्लिड मासा. तिच्यापुढे म्हातारा मासेमार वाल्दोमीर.

“लेकीच्या काचपेटीत सोडणार, इरासी?”

“हो. मागचा तासाभरात मेला. हाही मेला तर लेक पेटीच काढून टाकणार आहे.”

“सोडलास कसा?”

“पिशवी फोडली, ओतला. पाणी म्हणजे पाणी, मला काय ठाऊक!”

“अगं बाई, नळाचं पाणी त्याला दगडासारखं लागतं. पिशवी आधी पेटीत तरंगत ठेव. मग पेटीतलं पाणी तिच्यात थेंबाथेंबाने सोड. दिवा मालव, त्याला पेंगू दे. माझा एक मासा असाच शहरात गेला, नदी सुटल्याचं त्याला कळलंच नाही. इथे पूर चढला की तिकडे काचेत तो वर वर तरंगायचा.”

“थापाड्या!”

“तरंगायचा ही थाप. जगला हे खरं.”

“आणि हे थेंब किती वेळ?”

“अख्खी संध्याकाळ. अंधारात दोघींनी नुसतं बसायचं. बोलायचं तेही हळू.”

“लेक माझ्याजवळ अख्खी संध्याकाळ कधी बसलीय रे?”

“मग थेंब आणखी सावकाश सोड.”